एकच दरबार, दोन नायिका : छ्येनलोंगच्या राण्यांवरून प्रेक्षकांत झालेल्या वादाची पार्श्वभूमी

2018 साली चीनमध्ये दोन मालिका जेमतेम महिन्याभराच्या अंतराने आल्या. 19 जुलैला आयचीयी या ऑनलाइन व्हिडिओ मंचावर ‘स्टोरी ऑफ यानशी पॅलेस’ सुरू झाली आणि 20 ऑगस्टला टेन्सेंटच्या अशाच मंचावर ‘रुईज रॉयल लव्ह इन द पॅलेस’. दोन्हींत छिंग घराण्याचा सम्राट छ्येनलोंग याचेच अंतःपुर होते. मात्र पहिलीत जी नायिका, तीच दुसरीत खलनायिका झाली होती, आणि दुसरीची नायिका पहिलीत कारस्थाने करत होती. प्रेक्षकांमध्ये तट पडले ते यामुळे, आणि या भांडणाचे मूळ अठराव्या शतकात आहे.

छ्येनलोंगची दुसरी सम्राज्ञी नारा, म्हणजे ‘रुई’ची नायिका, 1765 च्या दक्षिण दौऱ्यात त्याच्यासोबत होती. हांगचौला काहीतरी बिनसले आणि तिला तिथूनच राजधानीला परत पाठवण्यात आले. तिने स्वतःचे केस कापल्याचे पुढे सम्राटाच्याच फर्मानात नमूद झाले. मांचू रिवाजानुसार स्त्रीने केस कापायचे ते फक्त सुतकात, त्यामुळे हे कृत्य अक्षम्य ठरले. पुढच्याच वर्षी ती वारली, तेव्हा तिला स्वतंत्र थडगेही न देता दुसऱ्या एका राणीच्या थडग्यात पुरण्यात आले. सम्राट आणि तिच्यातल्या भांडणाचे खरे कारण मात्र दप्तरात सापडत नाही. वेई घराण्यातली राणी, म्हणजे ‘यानशी’ची नायिका, मात्र चढत गेली. तिचा मुलगा पुढे च्याछिंग सम्राट झाला. एकीचा शेवट गूढ आणि दुसरीचा स्वभाव फारसा नोंदलेलाच नाही, म्हणजे लेखकांना रान मोकळेच होते.

प्रेक्षकांची अपेक्षा मात्र 2011 च्या ‘एम्प्रेसेस इन द पॅलेस’ या दरबारी मालिकेने घडवलेली होती. ‘रुई’ तिच्याच मूळ लेखिकेच्या कादंबरीवरची पुढची कथा, त्यामुळे तुलना अटळ होती. 87 भागांत हळूहळू विरत जाणारा संसार अनेकांना रटाळ वाटला आणि नायिकेच्या भूमिकेतल्या, चाळिशी ओलांडलेल्या चौ शुनने किशोरवयीन मुलगी रंगवण्यावरही टीका झाली. ती पुष्कळशी अन्यायाची होती, कारण मालिकेची खरी ताकद उत्तरार्धात आहे. याउलट ‘यानशी’ची वेई यिंगलुओ अपमान गिळत नाही, लगेच फेडते, आणि नेमके हेच लोकांना हवे होते.

तरीही सर्वांत हळवी प्रतिक्रिया उमटली ती पहिली सम्राज्ञी फुचा हिच्याबद्दल. सोने-रत्नांऐवजी ती साध्या फुलांनी केस सजवत असे, अशी इतिहासात नोंद आहे. ‘यानशी’ने तिच्या केसांत मखमलीसारखी रेशमी फुले माळली आणि नानजिंगच्या या जुन्या कारागिरीला एकाएकी मागणी आली. खरी फुचा 1748 मध्ये दौऱ्यावर असताना वारली. मालिकेत ती मुलाच्या मृत्यूनंतर उंचावरून उडी घेते आणि हा बदल जाणकारांना खटकला, तरी रडणाऱ्यांचे रडणे काही त्यामुळे थांबले नाही.

जानेवारी 2019 मध्ये ‘बीजिंग डेली’ या वृत्तपत्राने अशा दरबारी मालिकांवर चैनीची हाव आणि कपटनीती पसरवल्याचा ठपका ठेवला, आणि त्यानंतर काही वाहिन्यांनी त्यांचे पुनःप्रसारण थांबवले. ‘यानशी’चा जेमतेम सहा भागांचा पुढचा अध्याय त्याच वर्षी 31 डिसेंबरला नेटफ्लिक्सवर आला.