केळ्यातलं सेरोटोनिन जातं कुठे?

‘उदास वाटतंय? केळं खा, त्यात सेरोटोनिन असतं.’ हा सल्ला व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून उगवतो. सेरोटोनिन म्हणजे मनःस्थितीशी संबंध असलेलं, मेंदूत संदेश पोचवणारं रसायन. केळ्यात ते असतं हे खरं, पण रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर ते ओलांडत नाही. मेंदूला लागणारं सेरोटोनिन मेंदूच बनवतो. त्याचा कच्चा माल म्हणजे ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल, आणि ते मात्र अन्नातूनच मिळवावं लागतं.

मग अंडी, पनीर, डाळी चापल्या की झालं? नाही ना! ट्रिप्टोफॅनला मेंदूत नेणारं वाहक प्रथिन त्याच्या एकट्याच्या मालकीचं नाही. ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, टायरोसिन, फेनिलअ‍ॅलनिन ही मंडळीही त्याच एसटीच्या दारात लोंबकळत असतात. त्यात प्रथिनांमध्ये ट्रिप्टोफॅन असतं जेमतेम एक-दीड टक्का. प्रथिनं खाल्ली की रक्तात ते वाढतं, पण प्रतिस्पर्धी त्याहून जास्त वाढतात. रक्तात ते किती आहे यापेक्षा इतरांच्या तुलनेत किती आहे, यावर सगळं ठरतं.

१९७१ मध्ये एमआयटीतल्या फर्नस्ट्रॉम आणि वुर्टमन यांनी उपाशी उंदरांना प्रथिनं नसलेलं, कर्बोदकांचं खाणं दिलं. उंदरांच्या मेंदूतलं सेरोटोनिन वाढलं! खाण्यात ट्रिप्टोफॅन नसताना? ही करामत कर्बोदकांमुळे स्रवणाऱ्या इन्शुलिनची. त्याने ल्युसिन वगैरेंना स्नायूंत पिटाळलं. ट्रिप्टोफॅन बहुतांशी रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून असतं, म्हणून ते रक्तात टिकलं आणि त्याला वाट मोकळी मिळाली.

तेव्हा उपासाला साबुदाणा उत्तम, असं कुणी म्हणेल. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, हे खरंच. पण खिचडीत आपण शेंगदाण्याचं कूट सढळ हाताने घालतो, आणि जेवणात पाचेक टक्के प्रथिन असलं तरी हा परिणाम बोथट होतो.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन बनवण्याची पहिली पायरी पार पाडणारं ट्रिप्टोफॅन हायड्रॉक्सिलेज हे विकर (एन्झाइम) नेहमीच्या पुरवठ्यात अर्धवट रिकामंच असतं. त्यामुळे कच्चा माल वाढला की उत्पादन वाढतं, घटला की घटतं. डोपामिन या दुसऱ्या संदेशवाहक रसायनाचं तसं नाही; त्याचा कच्चा माल टायरोसिन. त्यावर काम करणारं टायरोसिन हायड्रॉक्सिलेज हे विकर आधीच जवळजवळ भरलेलं असतं, शिवाय डोपामिन साचलं की तेच त्याला आवर घालतं. चेतापेशी झपाट्याने संदेश सोडत असतील तेव्हाच जादा टायरोसिनचा थोडाफार उपयोग होतो. एरवी ‘डोपामिन बूस्टर’ म्हणून टायरोसिनची पावडर विकणाऱ्यांनी हे विकर कसं चालतं ते एकदा वाचावं. आणि नैराश्यावरच्या गोळ्या चालू असतील, तर ट्रिप्टोफॅनच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत. सेरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढलं तर जिवावर बेतू शकतं.