अडखळणारं यंत्र

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त म्हणजे सहा पानांचा रुक्ष ऐवज: टाकीची गळती, थकबाकी, पार्किंग. गंमत म्हणून ती पीडीएफ मी पॉडकास्ट बनवणाऱ्या एका ॲपला दिली. थोड्याच वेळात एक बाई आणि एक बुवा त्यावर गप्पा मारायला लागले. "म्हणजे... ही गळती तीन वर्षं चालूच होती?" "हो ना! बापरे." आमच्या टाकीत एवढा रस सभासदांनीही कधी घेतला नव्हता.

मला नवल वाटलं ते त्या 'म्हणजे...'चं. माणूस अडखळतो, कारण पुढचा शब्द सापडलेला नसतो. इथे तर भाषेचं मॉडेल मजकूर वाचून संवाद आधीच लिहून ठेवतं आणि आवाजाचं मॉडेल तो नुसता बोलून दाखवतं. मग हे अडखळणं येतं कुठून?

२०१६ साली गूगलच्या डीपमाइंड या एआय प्रयोगशाळेचं 'वेव्हनेट' हे आवाजाचं मॉडेल ध्वनिलहर एकेक बिंदू रचत जायचं, सेकंदाला १६,००० बिंदू. आवाज गोड, पण काम गोगलगाईचं. आता आवाज आधी आवळून घेतात. लँडलाइनच्या डिजिटल कॉलला सेकंदाला ६४,००० बिट लागतात; गूगलने २०२४ मध्ये सांगितलेल्या पद्धतीत ६०० बिटांतही भागतं. मग दोन मिनिटांच्या गप्पा सुमारे ५,००० टोकनांत, म्हणजे आवाजाच्या आवळलेल्या छोट्या तुकड्यांत, मावतात. मजकूर लिहिणारं मॉडेल जसं पुढचा शब्द ताडतं, तसं हे पुढचं टोकन ताडतं. टोकनांचीही उतरंड असते: आधीच्या टोकनांत उच्चार आणि चढउतार, शेवटच्या टोकनांत आवाजाचा बारीक पोत. एका चिपवर दोन मिनिटांचा संवाद तीन सेकंदांच्या आत तयार होतो.

हे मॉडेल आधी लाखो तासांच्या बोलण्यावर पोसलं गेलं. त्यानंतर त्याला एक छोटा, निवडक खुराक दिला: व्हॉइस आर्टिस्टांनी संहितेविना मारलेल्या गप्पा, त्यातल्या 'अं', 'हं' आणि थबकण्यासकट. थोडक्यात, अडखळणं हा बिघाड नाही, शिकवणीचा भाग आहे. सफाईदार वाचन आपल्याला घोषणेसारखं वाटतं, 'अं...' आला की समोर कोणी विचार करतंय असं कानाला वाटतं. ही लबाडी म्हणायची की अभिनय, माझं अजून ठरलेलं नाही.

गूगलच्या नोटबुकएलएम या ॲपमध्ये मजकुराचा पॉडकास्ट करण्याची ही सोय सप्टेंबर २०२४ मध्ये आली. त्यानंतर काही दिवसांतच कोणीतरी त्यातल्या दोन निवेदकांना 'तुम्ही माणसं नाही' असं कळेल असा मजकूर पुरवला. निवेदक म्हणाला, मी बायकोला फोन लावला, पण तो नंबरच खरा नव्हता. आवाज हेलावलेला. ऐकणारेही हेलावले, खरं तर नेहमीप्रमाणेच मिळालेल्या मजकुराचा संवाद झाला होता आणि त्याला साजेशी टोकनं निघाली होती.

२०२५ पासून नोटबुकएलएमची ही सोय मराठीतही आहे. मी वापरलेलं ॲप वेगळं, आणि ते मात्र एका ठिकाणी अडखळायचं सोडून बिनधास्त घसरलं. आमच्या इतिवृत्तात 'जुनी जलवाहिनी' आहे. 'जल'मधला ज 'जीभ'सारखा, 'जुनी'तला 'जाड'सारखा. बाईंनी दोन्ही 'जीभ'सारखेच म्हटले. लिपीत दोन्ही एकच दिसतात. फरक कानानेच उचलावा लागतो. आमच्या सेक्रेटरींना पूर्ण पॉडकास्टमध्ये खटकलं ते एवढंच.