कार्ड क्रमांकाचा प्रवास आणि मुक्काम

ऑनलाइन खरेदीत ग्राहकाने भरलेला कार्ड क्रमांक अनेक परक्या यंत्रांमधून विक्रेत्याच्या सर्व्हरवर पोहोचतो, आणि वाटेत तो कुणाला वाचता येऊ नये म्हणून कूटबद्ध केलेला असतो. त्यासाठी दोन्ही टोकांना एकच गुप्त किल्ली, म्हणजे एक गुप्त संख्या, हवी. पण कधी न भेटलेल्या दोघांनी उघड्या वाटेवरून ती ठरवायची कशी?

१९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी मांडलेली युक्ती कागदावर करून पाहण्याइतकी सोपी आहे. ५ आणि २३ या संख्या सर्वांना ठाऊक आहेत असे धरू. ग्राहक मनात ३ धरतो, ५ चा तिसरा घात काढून त्याला २३ ने भागतो आणि उरलेली बाकी, म्हणजे १०, पाठवतो. विक्रेत्याने मनात ७ धरले असतील, तर त्याच्याकडून १७ येतात. मग ग्राहक १७ चा तिसरा घात घेतो, विक्रेता १० चा सातवा, आणि २३ ने भागल्यावर दोघांकडेही १४ उरतात. हीच त्यांची गुप्त किल्ली. मध्ये कान लावून बसलेल्याला १० आणि १७ कळतात, १४ कळत नाहीत. अर्थात इतक्या लहान संख्या तो एकेक करून तपासून पाहील. शेकडो अंकी संख्यांपुढे मात्र त्याचे काही चालत नाही. समोरचा विक्रेता तोतया नाही ना, हे डिजिटल प्रमाणपत्रावरून पडताळले जाते. परंतु प्रमाणपत्र संकेतस्थळाच्या पत्त्याची खात्री देते, मालकाच्या सचोटीची नव्हे.

प्रवासाचा प्रश्न असा बराचसा सुटला आहे. माझ्या मते खरी जोखीम मुक्कामात आहे. साठवलेली माहिती कूटबद्ध करून किल्ली त्याच सर्व्हरवर ठेवणे म्हणजे तिजोरीची चावी तिजोरीवरच ठेवणे. म्हणूनच कार्ड कंपन्यांच्या पीसीआय डीएसएस या नियमावलीनुसार व्यवहार मंजूर झाल्यावर कार्डावरचा सुरक्षा कोड विक्रेत्याला कूटबद्ध करूनही साठवता येत नाही. कार्ड क्रमांकाऐवजी ‘टोकन’ हा बदली क्रमांक ठेवला, तर चोराच्या हाती मूळ क्रमांक लागत नाही, कारण तो विक्रेत्याकडे नसतोच. ग्राहकाचा पत्ता, फोन नंबर आणि खरेदीची यादी यांना मात्र असा बदली आकडा पुरत नाही, कारण वस्तू घरी पोहोचवायची तर विक्रेत्याला त्या वाचाव्याच लागतात.