जीज बेंडच्या गोधड्या आणि नक्षीवरचा हक्क

अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील जीज बेंड या वस्तीतल्या गोधड्यांच्या नक्ष्यांवर बेतलेले कपडे आणि घरगुती वस्तू फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या एका मोठ्या दुकानसाखळीने देशभर विक्रीस आणल्या. ज्या पाच जणींच्या नक्ष्या घेतल्या गेल्या, त्यांना एकरकमी मोबदला मिळाला. विक्रीच्या प्रमाणात वाटा मात्र ठरलेला नव्हता. वर्षअखेरीस त्यावर उघडपणे टीका झाली. टीका करणाऱ्यांना हा व्यवहार आजच्या बाजारपेठेचा दोष वाटला, परंतु त्याची मुळे जुनी आहेत. या गोधड्यांचे मोल काय आणि त्यांवर हक्क कोणाचा, हे गेली साठ वर्षे बहुतेक वेळा त्या शिवणाऱ्यांनी ठरवलेले नाही.

अलाबामा नदीने तीन बाजूंनी वेढलेल्या या भूभागात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कापसाचा मळा उभा राहिला. १८४० च्या दशकात तो ज्या मालकाच्या हाती गेला, त्याचे पेटवे हे आडनाव त्याने गुलाम म्हणून राबवलेल्या माणसांच्या वंशजांत आजही सर्रास आढळते. गुलामगिरी संपल्यावर तीच कुटुंबे तीच जमीन वाट्याने कसत राहिली आणि हंगामाच्या उधारीवर जगत राहिली. १९३२ मध्ये उधारी देणारा व्यापारी मरण पावला, तेव्हा त्याच्या वारसांनी थकबाकीपोटी साठांहून अधिक कुटुंबांची जनावरे, अवजारे आणि साठवलेले धान्यसुद्धा उचलून नेले. त्यानंतरचा हिवाळा लोकांनी मदतीच्या शिध्यावर काढला. पुढे संघराज्य सरकारने मदतकार्य हाती घेतले, १९३७ मध्ये सरकारी छायाचित्रकार तिथे पोहोचला आणि १९४१ मध्ये गावकऱ्यांची भजने व प्रार्थना ध्वनिमुद्रित झाली. थंडी अडवण्यासाठी लाकडी भिंतींवर चिकटवलेली वर्तमानपत्रे त्या छायाचित्रांत स्पष्ट दिसतात.

या काळातील सर्वांत दूरगामी गोष्ट छायाचित्रे नव्हेत, तर जमीन ही होय. १९४० च्या दशकात सरकारने मळ्याची जमीन हलक्या व्याजाच्या कर्जावर कसणाऱ्या कुटुंबांना विकली. दक्षिणेतील असंख्य कृष्णवर्णीय कुटुंबे त्याच सुमारास उत्तरेकडच्या शहरांत स्थलांतर करीत असताना इथली बरीच कुटुंबे स्वतःच्या जमिनीवर टिकून राहिली, आणि म्हणून शिवणकाम आईकडून मुलीकडे, सासूकडून सुनेकडे अखंड जात राहिले. गोधड्यांच्या कौतुकात हे कारण क्वचितच सांगितले जाते. ते पहिल्यांदा सांगायला हवे, असे माझे मत आहे.

गोधडी म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावण्याची गरज नाही. तिथल्या पद्धतीतील एक बाब मात्र ध्यानात घ्यावी लागते, कारण पुढचा सगळा तंटा तिच्याभोवती फिरतो. वरचा थर प्रत्येक बाई एकटीने, स्वतःच्या मनाने जुळवते. त्यानंतर आतला कापूस आणि खालचे कापड घालून तिन्ही थर लाकडी चौकटीवर ताणले जातात आणि चौघीजणी भोवती बसून टाके घालतात. जुळणी एकटीची आणि टाके अनेकींचे, ही विभागणी सर्वांना ठाऊक असते. एकात एक बसवलेल्या चौकोनांचा 'हाउसटॉप' किंवा विटांच्या थरांसारखा 'ब्रिकलेयर' हे आराखडे सामायिक आहेत, परंतु त्यांतून प्रत्येकीने काढलेली वाट वेगळी असते आणि कोणी कोणाची हुबेहूब नक्कल करीत नाही.

१९४२ मधील एक गोधडी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. नवऱ्याच्या मृत्यूनंतर एका बाईने त्याचे शेतात वापरलेले कपडे उसवले, मुलीला हाताशी घेतले आणि त्याच कापडाची गोधडी केली. त्याची आठवण राहावी आणि तिच्याखाली निजता यावे, एवढाच हेतू होता. पाटलोणीचे लांब तुकडे उभे जोडलेले आहेत. निळा रंग धुऊन धुऊन राखाडीकडे झुकलेला आहे आणि मातीचे डाग तसेच आहेत. आज ती वॉशिंग्टनमधील राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे. नवे कापड परवडत नव्हते हे खरे, पण केवळ गरिबीतून ही जुळणी घडली असे म्हणणे त्या बाईच्या नजरेवर अन्याय करणारे आहे.

१९६० च्या दशकात गोधड्या प्रथमच गावाबाहेर विकल्या गेल्या, त्याला राजकीय कारण होते. कृष्णवर्णीय मतदार नोंदणीसाठी नदीपलीकडच्या कॅमडेन या जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊ लागले, तेव्हा १९६२ मध्ये फेरीबोट बंद करण्यात आली. काही मिनिटांची नदी ओलांडण्याऐवजी सुमारे चाळीस मैलांचा रस्ता नशिबी आला. ती सेवा पुन्हा सुरू व्हायला २००६ उजाडले. नोंदणी करणाऱ्या अनेकांना कामावरून आणि घरांतून काढण्यात आले. अशा कुटुंबांना रोख उत्पन्न मिळावे म्हणून १९६६ मध्ये एका धर्मगुरूच्या पुढाकाराने जीज बेंड व आसपासच्या वस्त्यांतील स्त्रियांची सहकारी संस्था उभी राहिली, आणि तिच्या गोधड्यांचा लिलाव न्यू यॉर्कमध्ये झाला. संस्थेने पुढे जमीन घेतली आणि बेघर झालेल्या कुटुंबांना तीत जागा दिली. हे काम मोठे होते आणि त्याचे श्रेय त्या स्त्रियांचेच आहे.

मात्र मोठ्या दुकानांच्या मागण्या येऊ लागल्या तशी एकसारखेपणाची अट आली. ठरलेले आकारमान, ठरलेला नमुना, सारख्या अंतराचे टाके. जमले नाही तर उसवून पुन्हा. १९७२ मध्ये एका साखळी दुकानासाठी कॉर्डरॉयच्या उशांच्या खोळी शिवण्याचे कंत्राट मिळाले. त्यातून उरलेले जाड कापड घरी आले आणि घरच्या गोधड्यांत जुळले. हिरवट, मोहरी, तपकिरी रंगांच्या त्या गोधड्या आज सर्वांत नावाजलेल्यांपैकी आहेत. दुकानासाठी केलेले काम नेमून दिलेले होते, आणि स्वतःच्या पलंगासाठी केलेले मोकळे.

याच सुमारास न्यू यॉर्कमध्ये एक निर्णय झाला आणि त्याचे परिणाम अजून संपलेले नाहीत. अमेरिकी कलेला वाहिलेल्या तिथल्या एका संग्रहालयाने १९७१ मध्ये जुन्या गोधड्या अमूर्त चित्रांप्रमाणे भिंतीवर टांगल्या. या गोधड्या जीज बेंडच्या नव्हत्या. त्या एका संग्राहक जोडप्याने बाजारातून निवडलेल्या होत्या आणि निवडीचा निकष फक्त नजरेला काय दिसते हा होता. प्रदर्शन अतिशय गाजले. समर्थकांचे म्हणणे असे की, पलंगावरून उचलून भिंतीवर टांगल्याशिवाय कलाजगत त्यांच्याकडे पाहिलेच नसते, आणि त्यात तथ्य आहे. स्त्रीवादी अभ्यासकांचा आक्षेप असा की, शिवणाऱ्या स्त्रियांची नावे, घर आणि हेतू भिंतीवर येताच पुसले गेले, आणि पुरुष चित्रकारांच्या कॅनव्हासशी असलेले साम्य हीच गोधडीची पात्रता ठरली. मला हा आक्षेप अधिक वजनदार वाटतो, कारण तुलना नेहमी एकाच दिशेने झाली. चित्र गोधडीसारखे आहे, असे कोणी म्हटले नाही.

जीज बेंडच्या गोधड्यांचे प्रदर्शन २००२ मध्ये ह्यूस्टनला सुरू झाले आणि त्याच वर्षी याच न्यू यॉर्कच्या संग्रहालयात आले. १९३० च्या दशकापासून पुढच्या, चाळीसहून अधिक स्त्रियांनी केलेल्या गोधड्या त्यात होत्या. या वेळी प्रत्येकीचे नाव होते, छायाचित्रे आणि आठवणी होत्या. १९७१ ची चूक पुष्कळ अंशी सुधारली गेली, हे निःसंशय मान्य करायला हवे. एका प्रमुख दैनिकाच्या समीक्षकाने या गोधड्यांची गणना अमेरिकेतल्या आधुनिक कलेच्या अत्यंत अद्भुत कृतींमध्ये केली. परंतु जो ओबडधोबडपणा तीस वर्षांपूर्वी दुकानांनी उसवायला लावला होता, त्याच्यासाठीच आता स्तुती होत होती, आणि दोन्ही वेळा निवाडा खरेदीदाराचाच होता. शिवाय नाव लागले म्हणजे हक्कही मिळाला, असे झाले नाही. गोधड्या एका संग्राहकाने १९९० च्या दशकाच्या अखेरीस गावात फिरून विकत घेतलेल्या होत्या. प्रदर्शनानंतर त्यांच्या नक्ष्या गालिच्यांवर आणि इतर घरगुती वस्तूंवर छापल्या गेल्या, आणि २००६ मध्ये दहा गोधड्या टपाल तिकिटांवर आल्या.

अमेरिकेत १९७८ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार वस्तू विकली म्हणून तिच्यावरचा नक्षीहक्क विकला जात नाही. त्यासाठी लेखी हस्तांतरण लागते. पारंपरिक आराखडा कोणाच्याच मालकीचा नसला, तरी विशिष्ट गोधडीतील रंगांची व कापडांची जुळणी स्वतंत्र कृती ठरू शकते. म्हणजे एकटीने जुळवलेला वरचा थर हा कायद्याच्याही दृष्टीने महत्त्वाचा आहे. २००७ मध्ये तिघींनी तो संग्राहक व इतरांविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. विक्री आणि परवान्यांच्या उत्पन्नातला योग्य वाटा आपल्याला मिळाला नाही, असा त्यांचा आरोप होता. प्रतिवादींनी तो फेटाळला. २००८ मध्ये प्रकरण आपसांत मिटले आणि तडजोडीच्या अटी जाहीर झाल्या नाहीत. निकाल न लागल्यामुळे, सामायिक आराखडा कुठे संपतो आणि एकीची कृती कुठे सुरू होते, यावर या गोधड्यांच्या बाबतीत न्यायालयाचे मत कधी नोंदलेच गेले नाही. दोन्ही पक्षांना तडजोड सोयीची वाटली असेल, पण पुढच्या करारांना त्यातून काही आधार मिळाला नाही.

१९६६ ची सहकारी संस्था २०१२ मध्ये बंद झाली. २०१५ मध्ये तिघींना लोककलेसाठीचा राष्ट्रीय सन्मान मिळाला. २००७ मध्ये दावा करणाऱ्यांपैकी एक त्यांत होती. २०२१ पासून अनेक जणी स्वतःच्या नावाने आंतरजालावर विक्री करू लागल्या, आणि २०२२ पासून दर ऑक्टोबरात गावात गोधड्या दोऱ्यांवर वाळत घालून मेळा भरतो. या दोन्ही ठिकाणी किंमत शिवणारी सांगते. २०२४ च्या दुकानसाखळीच्या करारात मात्र ती आधीच ठरलेली होती, आणि नक्षी किती वस्तूंवर, किती प्रतींत छापली जाईल याच्याशी तिचा संबंध जोडलेला नव्हता.