पार्श्वभूमी: सायकलचा पंप एवढा आखूड कसा झाला

रस्त्यात हवा भरायला खिशात मावणारा पंप घ्यावा, फ्रेमला लागणारा लांब घ्यावा, की सरळ सीओटूचं (दाबून भरलेल्या कार्बन डायऑक्साइड वायूचं) काडतूस, हा वाद आज नवीन सायकल घेणारा प्रत्येकजण घालतो. पण तो समजायला पंप आखूड का झाला हे बघावं लागतं, कारण नव्वदच्या दशकापर्यंत असा वाद फारसा नव्हताच.

जुना इतिहास पटकन उरकतो. 1888 मध्ये बेलफास्टच्या एका जनावरांच्या डॉक्टरने पोराच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला, तिथून पंक्चर आलं आणि पाठोपाठ पंप आला. डनलॉप (यालाच वूड्स म्हणतात, साध्या काळ्या सायकलीला असतो तो), प्रेस्टा (बारीक, रेसिंग सायकलीचा) आणि श्रेडर (जाड, मोटारसायकलीला असतो तो) हे तिन्ही व्हॉल्व्ह एकोणिसावं शतक संपायच्या आतले, आणि अजून हेच तीन चालू आहेत. फ्रान्समधल्या मोठ्या रेसमध्ये सुरुवातीच्या काळात बाहेरची मदत घेतली की दंड पडायचा, म्हणून तिथले लोक सुटे टायर खांद्यावर आडवे गुंडाळून आणि पंप फ्रेमला अडकवून पळायचे. आपल्याकडे काळ्या दणकट सायकलींना पण पंपासाठी क्लिपा यायच्या. पंपात चामड्याचा वायसर असायचा, तो वाळला की दट्ट्या नुसता आत-बाहेर होतो आणि हवा काही भरत नाही, मग उघडून दोन थेंब तेल सोडायचं, बोटाने वायसरची कड जरा बाहेर फाकवायची की पंप परत चालू. नाक्यानाक्यावर पंक्चरवाला होता म्हणून बरेच लोक पंप बाळगायचेच नाहीत ते वेगळं.

खरा बदल डोंगरी सायकलींमुळे झाला. आधी स्टीलच्या फ्रेमला पंप अडकवायची छोटी खुंटी पितळेने जोडून द्यायचे आणि 40-50 सेंटिमीटरचा पंप नळीला चिकटून बसायचा. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी अ‍ॅल्युमिनियमच्या जाड नळ्या आल्या, वरची नळी उतरती झाली, मधला त्रिकोण लहान झाला, त्यात दोन बाटल्या लावायच्या. नव्वदच्या शेवटी रेसिंग सायकलींनीही तीच उतरती नळी उचलली, मग कार्बन आला, तिथे तर खुंटीचा प्रश्नच नाही. लांब पंपाला जागा उरली नाही, म्हणून बाटलीच्या पिंजऱ्याशेजारी बसेल असा वीतभर पंप आला आणि दुकानात हा 'सुटसुटीत' म्हणून खपला. माझ्या मते इथे सायकलस्वाराचं नुकसान झालं आणि ते कोणी नीट सांगितलं नाही.

हिशोब करून बघा. 28 मिलिमीटरच्या रोड टायरमध्ये साधारण 1.3 लिटर जागा असते, 80 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) करायला बाहेरची सात लिटरच्या आसपास हवा आत कोंबावी लागते. पंपाची आतली रुंदी 20 मिलिमीटर धरा. दट्ट्या 40 सेंटिमीटर सरकत असेल तर एका वेळी 125 सीसी हवा जाते, म्हणजे साठेक वेळा मारलं की झालं. दट्ट्या 15 सेंटिमीटरच सरकत असेल तर 47 सीसी, म्हणजे दीडशे वेळा, आणि हे सुद्धा कागदावर. कारण पंपाच्या तोंडाशी थोडी हवा अडकून राहते जी टायरमध्ये जातच नाही, ती समजा 3 सीसी आहे, तर 80 पीएसआयला तेवढ्या जागेत साध्या दाबाची जवळजवळ 20 सीसी हवा दबून बसते. लांब पंपाला 125 मधले 20 गेले तर फार फरक पडत नाही, आखूड पंपाचे 47 मधले 20 गेले म्हणजे शेवटी चाळीसेक टक्के मेहनत फुकट. म्हणूनच छोटा पंप पहिले 40-50 पीएसआय छान भरतो आणि मग आपण नुसते घाम गाळत बसतो.

यातनं पळवाट म्हणून पंप जाड करायचा तर दुसरी गंमत. 100 पीएसआयला 20 मिलिमीटरच्या दट्ट्यावर सुमारे 22 किलोचा जोर लागतो, 30 मिलिमीटरचा केला की तोच 50 किलो होतो, एवढा जोर रस्त्याच्या कडेला उभं राहून हाताने कोण लावणार. त्यामुळे खोक्यावर '120 पीएसआय' छापलेलं असतं त्याचा अर्थ एवढाच की पंप तेवढ्याला फुटत नाही, तुम्ही तिथपर्यंत पोचाल असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. हा आकडा बघून पंप घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. पातळ-लांब पंप रोडला आणि जाड पंप डोंगरी सायकलीला, हा जुना नियम अजून खरा आहे. पण डोंगरी टायरला दाब कमी म्हणजे काम कमी असं समजू नका, 2.2 इंची टायरला 25 पीएसआयला पण नऊएक लिटर हवा लागते.

आखूड पंपाने अजून एक त्रास आणला, तो व्हॉल्व्हचा. पंप सरळ व्हॉल्व्हवर दाबून दीडशे वेळा हलवला की प्रेस्टाची बारीक पिन वाकते, नाहीतर ट्यूब व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटते, आणि तिथे पॅच बसतच नाही. एका हाताने टायर आणि पंपाचं तोंड एकत्र घट्ट धरायचं, अंगठा टायरच्या मागे अडकवायचा, मनगट हलू द्यायचं नाही, असं केलं तर वाचतं. पण खंबाटकीच्या चढावर संध्याकाळी कोणाला एवढं सुचतंय. शेवटी पंप बनवणाऱ्यांनीच वाट काढली आणि मध्ये वीतभर रबरी नळी टाकली. काहींनी खाली पायाने दाबायची पट्टी दिली, म्हणजे पंप जमिनीवर टेकवून अंगाच्या वजनाने मारता येतो. वजन शंभरेक ग्रॅम वाढलं तरी गेल्या तीस वर्षांतली पंपातली हीच एक खरी सुधारणा, बाकी रंग आणि सीएनसी (मशीनवर कोरलेली कलाकुसर). फक्त नळी स्क्रूची असेल तर काढताना प्रेस्टाचा गाभाच (व्हॉल्व्हच्या आतला सुटा होणारा भाग) फिरून बाहेर येतो आणि भरलेली हवा फुस्स, म्हणून गाभा आधी घरीच पान्याने घट्ट करून ठेवायचा.

आपल्याकडे गिअरच्या सायकली आणि ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत लांब अंतर पुरं करायच्या राइड) वाढले तसा हा सगळा वाद इथे आला. ब्रेव्हेत 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, आणि गाडीची मदत कंट्रोलशिवाय (वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणांशिवाय) कुठे घ्यायची नाही, त्यामुळे पंप लागतोच. हायवेला पंक्चरवाला भेटतो पण त्याच्या कॉम्प्रेसरचं तोंड श्रेडरचं. प्रेस्टावाल्यांनी पितळी अडॅप्टर खिशात ठेवावा, स्वस्त असतो. आणि हवा भरायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवून ट्रकच्या फुटलेल्या टायरची ती केसासारखी तार शोधून नेलकटरने उपटायची, नाहीतर दहा किलोमीटरवर परत तेच.

सीओटूचं 16 ग्रॅमचं काडतूस 28 च्या टायरला काही सेकंदात पुरं पडतं, पण सोडताना धातू इतका गार होतो की उघड्या हाताला चटका बसतो, आणि हा वायू रबरातून हवेपेक्षा लवकर झिरपतो म्हणून दुसऱ्या दिवशी टायर मऊ. एक काडतूस म्हणजे एकच संधी, त्यामुळे सोबत पंप हवाच.

अलीकडे मुठीत मावणारे बॅटरीचे पंप आले आहेत, आवाज भयंकर, तोंड तापतं, लहानातल्या लहान पंपाचा चार्ज एक-दोन टायरला पुरतो, विमानात नेताना हातातल्या बॅगेत ठेवावे लागतात. आणि मधल्या काळात टायरच रुंद झाले. 32 च्या टायरला 55 पीएसआय चालतं, हवा जवळपास तेवढीच लागते म्हणून आखूड पंप अजूनही सव्वाशे-दीडशे वेळा मारावा लागतो, पण शेवटचा जोर 80 पीएसआयच्या सुमारे 18 किलोवरून 12 वर आला, आणि आखूड पंपावरची ओरड कमी झाली ती मुख्यतः त्यामुळे. ट्यूबलेसचं मात्र बघून घ्या, टायर रिमवरून सुटला तर तो परत बसवायला एकदम भसकन हवा लागते आणि ती यातल्या कुठल्याही हातपंपातून सहसा येत नाही, तेव्हा काडतूस तरी लागतं नाहीतर ट्यूब टाकावी लागते.