म्युनिकचं धुकं आणि १३ मिनिटं

हिटलर दरवर्षी ८ नोव्हेंबरला म्युनिकला यायचा म्हणजे यायचाच. १९२३ साली याच तारखेला तिथल्या ब्युर्गरब्रॉयकेलर नावाच्या भल्यामोठ्या बिअरहॉलमध्ये घुसून, छताकडे पिस्तूल झाडून त्याने सत्ता उलथवायचा प्रयत्न केला होता, तो साफ फसला, जेलमध्ये गेला, आणि पुढे सत्तेत आल्यावर त्याच फसलेल्या बंडाचा वाढदिवस थाटात साजरा करायला लागला. जुने साथीदार जमणार, साडेआठच्या सुमाराला भाषण सुरू, दहाच्या आसपास संपणार, मग जुन्या आठवणी. एरवी आयत्या वेळी प्रोग्रॅम बदलणारा माणूस, पण ही संध्याकाळ मात्र फिक्स. वर हॉलची सुरक्षा पोलिसांकडे नाही, पक्षातल्याच जुन्या मंडळींकडे, म्हणजे कशी असेल ते समजून घ्या.

हे सगळं एका सुताराने हेरलं. गेओर्ग एल्सर, जन्म १९०३, ना कुठल्या गटाचा ना कटाचा, एकटा जीव. १९३८ मध्ये म्युनिक करार झाला, म्हणजे युद्ध टाळायला ब्रिटन-फ्रान्सने चेकोस्लोव्हाकियाचा तुकडा हिटलरला देऊन टाकला, तेव्हा सगळं युरोप सुटकेचा निःश्वास टाकत होतं आणि या बाबाला मात्र वाटत होतं की आता युद्ध टळत नाही, वरची माणसं गेली तरच काही होईल. नोव्हेंबर १९३८ ला तो स्वतः तो हॉल बघून आला. व्यासपीठाच्या बरोबर मागे एक जाडजूड खांब, त्यावर वरच्या गॅलरीचा भार. ठरलं.

पुढचं वर्षभर या माणसाने जे केलं ते वाचताना खरंच अंगावर येतं. शस्त्रांचं काम करणाऱ्या कारखान्यात नोकरी होती तिथून स्फोटाची दारू (गनपावडर) चोरली, मग मुद्दाम दगडखाणीत कामाला लागून तिथून स्फोटकं जमवली. ऑगस्ट १९३९ ला म्युनिकला मुक्काम हलवला. रोज संध्याकाळी त्याच बिअरहॉलमध्ये जेवायचं, गर्दी पांगायच्या सुमाराला वर गॅलरीत जाऊन लपायचं, दारं बंद झाली की बाहेर यायचं आणि टॉर्चच्या उजेडात गुडघ्यांवर बसून खांब पोखरायचा. अशा ३० च्या वर रात्री. गुडघे सुजले, त्यात पू झाला. खांबाला लाकडी आवरण होतं, त्यात त्याने छोटंसं दार असं बसवलं की बंद केल्यावर दिसूच नये, सुतार होता ना. निघालेला चुरा पोत्यात भरून ठेवायचा आणि सूटकेसमधून बाहेर काढायचा. पूर्वी घड्याळाच्या कारखान्यात काम केलेलं, त्यामुळे टायमर स्वतःच बनवला, एक बंद पडलं तर म्हणून दोन घड्याळं, ६ दिवस आधी लावून ठेवता येतील अशी, आणि टिकटिक बाहेर ऐकू येऊ नये म्हणून आतून कॉर्कचं अस्तर.

वेळ लावली ८ तारखेची रात्री ९:२०. नेहमीच्या हिशोबाने भाषण तेव्हा रंगात असायला हवं. बॉम्ब लावून तो श्टुटगार्टला बहिणीला भेटून आला, आणि ७ तारखेच्या रात्री खिशात मोजके पैसे असताना परत हॉलमध्ये शिरला, कशाला, तर फक्त खांबाला कान लावून घड्याळ चालू आहे ना ते ऐकायला. चालू होतं.

आता हवेची गोष्ट. पोलंड गिळून झालं होतं आणि हिटलरला लगेच फ्रान्सवर चढाई करायची होती, १२ नोव्हेंबर तारीखसुद्धा ठरलेली. ७ तारखेला खराब हवामानामुळे ती पुढे ढकलली, पण तो विचार डोक्यातून गेला नव्हता आणि बर्लिनला तातडीने परतायचं होतं. यंदा भाषणच नको असंही आधी चाललं होतं, शेवटी आला. परतायला विमान सोयीचं, पण नोव्हेंबरातलं म्युनिकचं धुकं, विमान उडेलच याची खात्री नाही. मग रात्रीची स्पेशल ट्रेन, ९:३१ ची. ट्रेन म्हणजे स्टेशनवर वेळेत पोचणं आलं, म्हणून भाषण ८ वाजताच सुरू केलं आणि ९:०७ ला आटोपलं, मागे गप्पांना थांबलाही नाही. प्रचारमंत्री गोबेल्स वगैरे मंडळीही निघाली.

९:२० ला बॉम्ब अगदी ठरल्याप्रमाणे उडाला. खांब कोसळला, वरचं छत व्यासपीठावर आलं. हॉलमध्ये तेव्हा शंभर-सव्वाशे माणसं उरली होती. ८ जण गेले, त्यात एक वेट्रेस होती, ६० च्या वर जखमी. हिटलरला बातमी न्युरेंबर्ग स्टेशनवर कळली आणि नियतीनेच मला वाचवलं, असं त्याने लगेच ठरवून टाकलं.

लोक सरसकट लिहितात की धुक्याने हिटलरला वाचवलं. मला ते अर्धंच पटतं. बर्लिनला परतायची घाई नसती तर धुकं असो की नसो, तो आरामात दहापर्यंत बोलत बसला असता. म्हणजे घाई युद्धाची, आणि धुक्याने त्या घाईला ट्रेनचं टाइमटेबल लावलं, असं म्हणा हवं तर. गंमत म्हणजे (गंमत हा शब्द बरा नाही खरं तर) तीच हवा त्याच्या युद्धाच्या आड येत होती, फ्रान्सवरचा हल्ला पुढे ढकलत ढकलत शेवटी १० मे १९४० ला झाला.

आणि तो त्या रात्री मेला असता तर? १ सप्टेंबरलाच त्याने हवाई दलप्रमुख गोरिंगला वारस जाहीर केलं होतं, आणि गोरिंग त्या रात्री हॉलमध्ये नव्हता. म्हणजे नाझी राजवट लगेच कोसळली असती असं नाही. पण फ्रान्स अजून पडला नव्हता, रशियावर हल्ला झाला नव्हता, गॅस चेंबरवाल्या छावण्या उभ्या राहिल्या नव्हत्या. गोरिंगने हे सगळं तसंच रेटलं असतं का, मला तरी नाही वाटत.

हवेने हिटलरला पुन्हा एकदा हात दिला असावा, १३ मार्च १९४३ ला. स्मोलेन्स्कहून उडालेल्या त्याच्या विमानात त्याच्याच सेनाधिकाऱ्यांनी दारूच्या बाटल्यांचं पार्सल म्हणून बॉम्ब चढवला होता, तो फुटलाच नाही. सामानाच्या जागेतल्या थंडीने डिटोनेटर गारठला असावा असं मानतात.

एल्सर मात्र स्फोटाच्या आधीच पकडला गेला. रात्री पावणेनऊला, म्हणजे ८:४५ ला, कॉन्स्टान्झला, स्वित्झर्लंडची हद्द काही पावलांवर असताना. खिशात तार कापायची पक्कड आणि त्याच बिअरहॉलचं पोस्टकार्ड. एकट्या सुताराने हे केलं हे हिटलरला पटेचना, ब्रिटिशांचा हात असणारच, पुढे मोठा खटला भरू म्हणून त्याला जिवंत ठेवला, आधी झाक्सेनहाउझेन, मग डाखाउच्या छळछावणीत. खटला कधी झालाच नाही. ९ एप्रिल १९४५ ला गोळी घातली, २० दिवसांनी अमेरिकन सैन्य डाखाउला पोचलं. युद्धानंतरही कित्येक वर्षं लोक त्याला नाझींचाच माणूस समजायचे, १९६० च्या दशकात गेस्टापोच्या (नाझींचे गुप्त पोलीस) चौकशीचे कागद सापडले तेव्हा कुठे चित्र बदललं.

तो बिअरहॉल १९७९ मध्ये पाडला. म्युनिकमध्येच दुसरीकडे आता एल्सरच्या नावाचा चौक आहे, तिथल्या भिंतीवर रोज रात्री ९:२० ला एक मिनिट दिवे लागतात.