दिव्यांग शेतकऱ्यांसाठी जोडधंदा, कर्ज आणि अनुदान: अर्जाआधी काय ठरवायचं, कागदपत्रं कोणती लागतात

शेळीपालनाची योजना निघाली म्हणून शेळ्यांचा अर्ज, पिठाची गिरणी मिळते म्हणून गिरणीचा अर्ज. आपल्याकडे धंदा असा योजनेवरून ठरतो. धडधाकट माणसाचं त्यात एखादं वर्ष वाया जातं. मळणी यंत्रात हात गेलेल्या, विहिरीत पडून कंबरेखाली अधू झालेल्या किंवा जन्मापासून डोळ्यांनी न दिसणाऱ्या शेतकऱ्याला मात्र हे परवडत नाही. म्हणून योजनांची यादी नंतर पाहू, आधी एका कोऱ्या कागदाचं काम आहे.

त्या कागदावर वर्षभराची शेतीची कामं लिहा: नांगरट, पेरणी, खुरपणी, फवारणी, पाणी देणं, काढणी, मळणी, माल बाजारात नेणं, हिशेब, बियाणं-खताची खरेदी. प्रत्येक कामापुढे तीनपैकी एक शेरा मारा. एक, मी स्वतः करतो. दोन, अवजार किंवा मांडणी बदलली तर करू शकेन. तीन, मजूर किंवा घरचं माणूस लागेलच. हा तक्ता शेतकऱ्याने स्वतः भरायचा, भावाने किंवा मुलाने नाही. घरचे बहुधा सगळ्या कामांपुढे तिसरा शेरा मारून मोकळे होतात.

दुसऱ्या शेऱ्याच्या कामांवर जास्त वेळ घालवा, कारण अनुदानाचा खरा उपयोग तिथेच होतो. पाठीवरचा पंप झेपत नसेल तर ठिबकमधून खत देता येतं. बादल्या उचलता येत नसतील तर गोठ्यात तरंगत्या व्हॉल्व्हची पाण्याची टाकी बसते. चाकाची खुर्ची वापरत असाल तर गव्हाणीची उंची आणि दाराची रुंदी शेड बांधण्याआधी ठरवावी लागते, नंतर तोडफोड करणं महाग पडतं. कृषी विज्ञान केंद्रात जाऊन हा कागद दाखवा. ‘कोणता धंदा करू?’ असं विचारलं तर छापील उत्तर मिळतं. ‘डाव्या एका हाताने ही पाच कामं होतात, यात काय बसेल?’ असं विचारलं की समोरचा माणूसही विचार करायला लागतो.

तिसऱ्या शेऱ्याच्या कामांची मजुरी प्रकल्प अहवालात, म्हणजे कर्जाच्या अर्जासोबत धंद्याचा खर्च आणि नफा मांडून द्यायच्या कागदात, धरा. बहुतेक अहवालांत ही ओळ नसते, ‘घरचेच करतात’ म्हणून सोडून दिलेली असते. पुढे मुलगी सासरी जाते, मुलगा पुण्याला जातो आणि कागदावर नफ्यात असलेला धंदा तोट्यात येतो.

पहिला कागद: यूडीआयडी

आता कागदपत्रांकडे वळू. पुढच्या जवळजवळ प्रत्येक अर्जात वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी, मागतात. नोंदणी केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर होते. स्वतः करता येते, सेवा केंद्रातूनही होते. आधार, फोटो, सही किंवा अंगठा आणि उपचाराचे असतील तेवढे कागद लागतात. अर्ज करताना रुग्णालय निवडायचं असतं आणि तपासणीही तिथेच होते. अनेक रुग्णालयांत तपासणीचा वार ठरलेला असतो, तो विचारूनच गाडी करा. जुना कागदी दाखला असेल तर त्याच पोर्टलवर यूडीआयडीसाठी अर्ज करता येतो.

कार्डावरच्या पट्टीचा रंग टक्केवारी सांगतो. ४० टक्क्यांच्या खाली पांढरी, ४० ते ७९ पिवळी, ८० आणि त्यापुढे निळी. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत, पण आरक्षण आणि बहुतेक योजनांचा लाभ ४० टक्क्यांपासून सुरू होतो. शेतीतल्या अपघातांच्या बाबतीत हे नीट समजून घ्या. काडी लागून किंवा बैलाचं शिंग लागून एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असला, तर दिव्यांगत्व ३० टक्के धरतात. म्हणजे पांढरी पट्टी, आणि दिव्यांगांच्या कर्ज योजनेत बसत नाही. मात्र त्याच माणसाला अपघात अनुदान मिळू शकतं.

दाखला तात्पुरता की कायमचा, तेही पाहून घ्या. तात्पुरत्या दाखल्यावर मुदत छापलेली असते. पाच वर्षांचं कर्ज मागताना दाखला सहा महिन्यांत संपणार असेल तर फाईल अडते. आधी नूतनीकरण करून घ्या.

अपघात अलीकडचा असेल तर हे सगळ्यात आधी

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत दोन डोळे, दोन अवयव किंवा एक डोळा आणि एक अवयव गेल्यास २ लाख रुपये मिळतात, एक डोळा किंवा एक अवयव गेल्यास १ लाख. वय १० ते ७५. सातबारावर नाव असलेला शेतकरी तर पात्र आहेच, शिवाय त्याच्या कुटुंबातली, नावावर जमीन नसलेली एक व्यक्तीही पात्र आहे. वीज पडणं, विजेचा धक्का, सर्पदंश, उंचावरून पडणं, जनावराचा हल्ला, रस्त्यावरचा अपघात हे सारं यात येतं. नशेत गाडी चालवून झालेला अपघात बसत नाही.

परिपूर्ण प्रस्ताव ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो, आणि लोक नेमके इथेच चुकतात. महिनाभर माणूस दवाखान्यात असतो, घरचे धावपळीत असतात, पोलिसांत नोंद राहून जाते. घरात सावरलेलं एक जण असेल तर त्याने पहिल्या आठवड्यातच प्रथम माहिती अहवाल किंवा पंचनामा, रुग्णालयाचे कागद, सातबारा, वयाचा पुरावा आणि बँक पासबुक गोळा करायला घ्यावं. पूर्वी हा दावा विमा कंपनीकडे जायचा. २०२३ पासून कंपनी मध्ये नाही, तहसीलदारांच्या अध्यक्षतेखालची समिती निर्णय घेते आणि पैसे थेट खात्यात येतात.

सातबारावर नाव आहे का?

हा प्रश्न घरात विचारायला जड जातो. वडील गेल्यावर वारस नोंद होताना दिव्यांग भावाला किंवा बहिणीला सांगितलं जातं, ‘तुला कुठं शेत करायचंय, हक्कसोड दे, आम्ही बघू.’ सही झाली की सातबारावरून नाव जातं, आणि नावाबरोबर कृषी विभागाच्या योजनांमधली पात्रताही. माझं मत विचाराल तर धंद्याचा निर्णय होईपर्यंत हक्कसोडपत्रावर सही करूच नये. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या १३ व्या कलमाने दिव्यांग व्यक्तीला मालमत्ता बाळगण्याचा, वारसा घेण्याचा, आपला आर्थिक व्यवहार आपण पाहण्याचा आणि बँकेचं कर्ज मिळवण्याचा इतरांइतकाच हक्क दिला आहे. सामायिक खात्यात वाटणी हवी असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो.

अंध किंवा हात नसलेल्या शेतकऱ्याला ‘पालक आणा’ म्हणणारी बँक चुकीचं मागते आहे. कायदेशीर पालकाची तरतूद राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ मध्ये आहे, आणि ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता या चार गटांसाठीच आहे. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे जातो.

नाव असेल तर पुढचं सोपं आहे. ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून (गावात अजून सगळे तलाठीच म्हणतात) सातबारा आणि आठ-अ घ्या आणि शेतकरी ओळख क्रमांक काढून घ्या. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यातल्या कृषी योजनांना तो सक्तीचा आहे.

पेन्शन की धंदा?

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून महिना २,५०० रुपये मिळतात. दिव्यांगांसाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५० हजार आहे. हातात ठरलेले पैसे येतात आणि ते गमावण्याची भीती रास्त असते. पण एकीकडे पेन्शनसाठी कमी उत्पन्नाचा दाखला आणि दुसरीकडे बँकेला वर्षाला दीड लाख नफा दाखवणारा प्रकल्प अहवाल, असं फार दिवस चालत नाही. म्हणून गणित मांडा. वर्षाचे ३० हजार सोडायचे तर धंद्याने मजुरी आणि हप्ता जाऊन त्याहून बरंच जास्त दिलं पाहिजे, आणि वाईट वर्षातही दिलं पाहिजे. उत्तर ‘नाही’ आलं तर कर्ज न घेता, पेन्शन ठेवून, परसातल्या कोंबड्यांसारखं छोटं काम करणं हाही शहाणा निर्णय आहे. त्यात कमीपणा मानू नका.

कर्ज आणि अनुदान

कर्ज घ्यायचं ठरलं तर महाराष्ट्र राज्य दिव्यांग वित्त व विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करा. केंद्राच्या राष्ट्रीय दिव्यांगजन वित्त व विकास महामंडळाच्या स्वावलंबन योजनेचं कर्ज राज्यात याच महामंडळामार्फत येतं. ४० टक्के दिव्यांगत्व, वय १८ पूर्ण, आणि ५० हजारांपर्यंत ५ टक्के व्याज. रक्कम वाढली की दर चढत जातो. फाईलला यूडीआयडी, आधार, पॅन, अधिवास आणि उत्पन्नाचा दाखला, जागेचा पुरावा, यंत्राचं किंवा जनावरांचं दरपत्रक, प्रकल्प अहवाल, पासबुक आणि जामीनदाराचे कागद जोडा. जामीनदारावरच बहुतेक फाईली थांबतात, त्याच्याशी आधीच बोलून ठेवा.

याच महामंडळाची फिरत्या दुकानासाठी ई-वाहनाची योजना आहे. भाजी किंवा फळं घरची असतील आणि बाजारात नेणं हीच अडचण असेल, तर त्या शेतकऱ्याला ही कर्जापेक्षा जास्त कामाची. वय १८ ते ५५, उत्पन्न अडीच लाखांपर्यंत, जास्त दिव्यांगत्व असणाऱ्याला प्राधान्य. अर्ज ठरावीक मुदतीतच घेतात.

डाळ मिल, मसाला, पशुखाद्य, बेकरी अशा प्रक्रिया उद्योगासाठी जिल्हा उद्योग केंद्रात जा. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात दिव्यांग अर्जदार विशेष प्रवर्गात धरतात. ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान आणि स्वहिस्सा फक्त ५ टक्के. सर्वसाधारण अर्जदाराला हेच आकडे २५ आणि १० आहेत. अर्जात प्रवर्ग निवडताना दिव्यांगाचा रकाना सुटला की हा फरक हातचा जातो. प्रकल्प नवाच हवा, आणि त्याच उद्योगावर दुसरं सरकारी अनुदान घेतलेलं चालत नाही.

शेतीची अवजारं, ठिबक आणि फळबाग यांचे अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर होतात. प्रोफाइलमध्ये दिव्यांग असल्याची नोंद करून दाखला चढवा. पूर्वसंमती येण्याआधी काहीही विकत घेऊ नका, आधीच्या तारखेचं बिल अनुदानाला चालत नाही. गायी-म्हशी, शेळ्या आणि कुक्कुटपालनाचे अर्ज पशुसंवर्धन विभागाच्या वेगळ्या पोर्टलवर होतात, तिथेही दिव्यांग दाखला जोडायचा रकाना आहे.

अर्ज करण्याआधी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत शेळीपालन, दुग्धव्यवसाय असे निवासी वर्ग होतात, जेवणखाण-राहणं मोफत. फोन करून जिना आहे का, न्हाणीघर वापरता येईल का आणि सोबतीला माणूस राहू देतात का, हे स्पष्ट विचारा.

एक दार लोक ठोठावतच नाहीत. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद आणि नगरपालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करायची असते. रक्कम लहान असते, पण स्वहिश्शाला किंवा एखाद्या अवजाराला पुरते. गावच्या दिव्यांग नोंदवहीत नाव आहे का ते पाहा, अंदाजपत्रक होण्याआधी लेखी मागणी द्या आणि ग्रामसभेत ती वाचायला लावा.

चाकाची खुर्ची, कृत्रिम पाय, श्रवणयंत्र यांचा खर्च धंद्याच्या कर्जात घालू नका. केंद्राच्या एडीप योजनेत महिना २२,५०० रुपयांपर्यंत उत्पन्न असेल तर साधन पूर्ण मोफत मिळतं, ३० हजारांपर्यंत अर्ध्या किमतीत. बॅटरीवरच्या तीनचाकीला मात्र निळी पट्टी लागते.

अर्ज अडला तर

प्रत्येक अर्जाची पोच घ्या, ऑनलाइन असेल तर अर्ज क्रमांकाची छापील प्रत ठेवा. नामंजुरी तोंडी ऐकून परत येऊ नका, कारण लेखी मागा. टक्केवारी पटली नाही तर फेरतपासणीसाठी अपील करता येतं. दिव्यांग असल्यामुळेच कर्ज नाकारलं, किंवा कार्यालय वरच्या मजल्यावर आहे म्हणून अर्जच घेतला नाही, अशी तक्रार असेल तर ती साध्या कागदावर लिहून, पोच आणि नकाराच्या पत्राची प्रत जोडून, पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे पाठवा. वकील लागत नाही.